नुसतं ‘के’ दाबलं तरी

जुना जालना,
१४ डिसेंबर २००८

प्रिय बेबी,

तुझं पत्र संगणक वर्गाच्या पत्त्यावर आलं. इथे माझ्या नावाने पत्र येण्याची कोणाला सवय नाही, म्हणून पोस्टमनने आधी नाव मोठ्याने वाचलं आणि मग हातात दिलं. पाकिटावरचं अक्षर मी लांबूनच ओळखलं. तुझा ‘ल’ अजून पोट सुटल्यासारखाच निघतो. पहिलं दीड पान तू माझ्या तब्येतीला, जालन्याच्या थंडीला आणि माझ्या आईला दिलंस. ती गेल्याचं तुला तेव्हाच कळलं होतं म्हणतेस, पण तनुजाला ताप होता म्हणून येणं झालं नाही. आईला जाऊन दोन वर्षं झाली, बेबी. हसनाबादला आपल्या दोन घरांत एक भिंत आहे. एवढा लांबला तो ताप? असो. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय गेली नाही, एवढंच त्या दीड पानातून मला कळलं.

भांडं दुसऱ्या पानाच्या मध्यावर निघालं. तनुजाच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, पांढरा डाग आला आहे. आधी वाटाण्याएवढा होता, आता रुपयाएवढा झाला आणि शेजारी दुसरा डोकावतो आहे. धर्मराजरावांना अजून पत्ता नाही, कारण पोरीची अंघोळ, वेणी, कपडे सगळं तूच करतेस, आणि हल्ली घरातसुद्धा तिच्या फ्रॉकच्या आत झबलं असतंच. त्यांना कळलं तर कोड तुझ्या माहेरातून आलं म्हणतील आणि तुम्हा मायलेकींना हसनाबादला आणून सोडतील, या भीतीने तुला झोप नाही. ‘त्यांनी एकदा मोडलंय, परत मोडायला त्यांना काय लागतंय,’ असं तू लिहिलंस. हे वाक्य लिहिताना आपण कोणाला लिहितो आहोत हे तू विसरलीस, की चांगलं आठवत असताना लिहिलंस, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर तुला माझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, माझा डाग कोणत्या औषधाने गेला. आणि दुसरी, घरच्या कॉम्प्युटरवर काय पाहिलं ते कसं पुसायचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. हरकत नाही. गाढवाने गेली पाच वर्षं हेच शिकवण्यात घालवली आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. धर्मराजरावांनी दुकानासाठी कॉम्प्युटर घेतला, तो कुंभार पिंपळगावला घरातच ठेवला, आणि रोज संध्याकाळी येऊन ते आधी हिस्ट्री उघडतात आणि मग चपला काढतात, असं तू लिहिलंस. मला हसू आलं. माणूस बदलला नाही. तू दुपारी डागांबद्दल वाचतेस आणि घाबरून सगळी हिस्ट्री पुसून टाकतेस. मग त्यांनी विचारलं की दिवसभर लाइट होती, पोरगी गाणी बघत होती, तर हे रिकामं कसं. अगं, जिथे रोज कचरा पडतो तिथली स्वच्छ फरशीच आधी डोळ्यात भरते. सगळं कधी पुसायचं नाही. डावीकडे हिस्ट्रीची पट्टी उघडायची, आपल्याला नको त्याच ओळीवर उंदराचं उजवं बटण दाबायचं, डिलीट म्हणायचं. गाणी, बाजारभाव, राशिभविष्य तसंच राहू द्यायचं. मुलींना हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवते. अभ्यासक्रमात नाही, पण शिकवते.

आणि एक गोष्ट आहे जी तुला तेव्हाही ठाऊक नव्हती आणि पत्रावरून दिसतं की आजही नाही. हिस्ट्री पुसली तरी शोधायच्या चौकटीत आपण जे टाइप केलेलं असतं ते तिथेच राहतं. ते वेगळं पुसावं लागतं. दुसऱ्या कोणी नुसतं पहिलं अक्षर दाबलं, की त्या अक्षराचं आपलं जुनं सगळं खाली उतरतं. त्या ओळीवर बाणाच्या बटणाने जायचं आणि डिलीटची कळ दाबायची. एवढंच. हे तू आजच कर, कारण धर्मराजरावांना कापसाचा भाव बघायची सवय आहे, आणि कापूस आणि कोड एकाच अक्षराने सुरू होतात.

आता तुला आठवलं असेल.

आपण कॉलेजसाठी जुन्या जालन्यात खोली करून राहत होतो तेव्हा दर शनिवारी अजमतभाईंच्या नेट कॅफेत जायचो. कापडाच्या ठोक दुकानांच्या मागे, जिन्याखाली प्लायवूडचे खोके, प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा. पडदा कशाला लागतो हे आपल्याला बरेच दिवस कळलं नव्हतं आणि कळलं तेव्हा आपण पोट धरून हसलो होतो. अजमतभाई शिस्तीचे. उठणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, “अपना कचरा आपीच साफ करके उठो.” म्हणजे हिस्ट्री क्लिअर करा. ते बटण मी तुला दाखवलं होतं. तू ते इमानाने दाबायचीस, हे मी नाकारत नाही. तू हिस्ट्री मुद्दाम ठेवलीस असं मी कधीच म्हटलं नाही. तेवढी अक्कल तुला नव्हती.

माझं लग्न धर्मराजरावांशी ठरलं, सुपारी फुटली, तेव्हा माझ्याहून जास्त तूच नाचली होतीस. मावसबहिणीच्या हळदीत सगळ्यांनी आपल्याला पिवळं केलं आणि ओली लुगडी बदलायला आपण ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत शिरलो. तिथे तू माझ्या कमरेवरचा डाग पाहिलास. मधे पांढुरका, कडेने काळपट. तू विचारलंस आणि मी सांगितलं की लहानपणी पोट फार दुखायचं म्हणून आईने बिब्बा लावला होता, तो उतला, फोड आला आणि त्याची खूण राहिली. आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या घरात असा एक डाग सापडेल. तू मान हलवलीस. आज पत्रात औषध विचारतेस त्यावरून कळलं, की तुला ते तेव्हाच पटलं नव्हतं. कोड असलेली प्रत्येक बाई भाजलं होतं असंच सांगते, असं तुझ्या मनात आलं असेल.

पुढच्या शनिवारी मी वर नूरबीकडे लग्नातल्या ब्लाउजचं माप द्यायला गेले आणि तू खाली आपल्या खोक्यात बसून राहिलीस. त्या वेळात तू शोधलंस. का शोधलंस यावर मी बरीच वर्षं डोकं शिणवलं. मैत्रिणीच्या काळजीने शोधलंस, असं मी आता धरून चालते. खरंच. शोधण्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाला शंका येते आणि माणूस शोधतो. शोधून झाल्यावर तू हिस्ट्री पुसलीस आणि तेवढ्यात धर्मराजराव आले. बियाण्याच्या खरेदीला जालन्याला आले होते आणि मला बघायला मिळतं का म्हणून कॅफेत शिरले. काहीतरी निमित्त हवं, म्हणून तुला म्हणाले की कापसाचा भाव बघायचा आहे. तू ‘बसा भावजी’ म्हणून खुर्ची दिलीस. त्यांनी ‘के’ दाबलं.

मी जिन्यावरून उतरत होते आणि ते दारातून बाहेर पडत होते. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं लाजले. वेडी मी, घरी जाईपर्यंत मनातल्या मनात फुगडी घालत होते. तुला विचारलं तर तू म्हणालीस, “आल्ते, तू न्हाईस म्हणून गेले.” मग आपण उसाचा रस प्यायलो. आलं जास्त घाल, असं तू त्या रसवाल्याला दोनदा सांगितलंस. एवढं सुचत होतं तुला.

चार दिवसांनी बद्रीनाथ मामा मामींना घेऊन हसनाबादला आले. सोयरीक त्यांनीच जमवली होती, त्यामुळे मोडल्याचा निरोपही त्यांनाच आणावा लागला. ओट्यावर बसले, पाणी घेतलं नाही, आणि आईला म्हणाले, “झुंबर, पाहुणे म्हणून राह्यलेत पोरीच्या अंगावर कोड हाय. तू लपवलं.” आईने मला तिथेच आत नेलं, मामींना बोलावून डाग दाखवला, बिब्ब्याचं सांगितलं, पोटदुखीचं सांगितलं. मामींनी पाहिलं आणि पदर सारखा केला. मराठीत लग्नात बिब्बा घालणं म्हणतात ते सगळे उगाच तोंडात घोळवतात. माझ्या लग्नात खरा बिब्बा घातला गेला, आणि तो माझ्या आईनेच माझ्या सहाव्या वर्षी घालून ठेवलेला होता, असं गावाने ठरवलं. आईनेही तसंच ठरवलं.

मला मात्र एवढंच कळत होतं, की तोवर तो डाग आईशिवाय एकाच माणसाने पाहिला होता. मी जालन्याला आले ती सरळ कॅफेत गेले. त्या खोक्यात बसले, हिस्ट्री उघडली, ती कोरी. मग का कोण जाणे, चौकटीत कोड म्हणजे नक्की काय ते शोधावं म्हणून मी ‘के’ दाबलं आणि खाली यादी उतरली. इंग्रजी अक्षरांतली मराठी. कोड कसं वळकावं. कोड लागतं का. आणि शेवटचं, कोड आसल्यावर लग्न होतंय का न्हाई. बेबी, मी तुझ्याशी कॉलेजात किती भांडले होते, की लिहिताना तरी ‘नाही’ लिही, ‘न्हाई’ लिहू नकोस. तू इंग्रजी अक्षरांतसुद्धा ‘न्हाई’च लिहिलंस. जालन्यात मी हे कोणाला दाखवलं असतं तर कोणाला काय कळणार होतं? मला कळलं.

अजमतभाईंना मी विचारलं. त्यांना दोन मुलींच्या भांडणात पडायचं नव्हतं, पण प्लायवूडच्या पलीकडेच त्यांचं टेबल. त्यांनी ऐकलं होतं ते सांगितलं. धर्मराजरावांनी यादी वाचली, पडदा बाजूला केला आणि तुला विचारलं की हे कोणी बघितलं. तू म्हणालीस, “मी न्हाई. मालन बसल्ती आधी.”

या एका वाक्याची माझी तक्रार आहे. बाकी कशाचीच नाही. ‘मी बघितलं, मला मैत्रिणीची शंका आली’ म्हणाली असतीस तर कदाचित लग्न तरीही मोडलं असतं. कदाचित त्यांनी येऊन विचारलं असतं, आईने बिब्बा दाखवला असता, दोन माणसांनी समजून घेतलं असतं. पण नवरी मुलगी स्वतःच बसून कोड असल्यावर लग्न होतं का हे शोधते आहे, यापुढे विचारायचं काय उरलं? मी स्वतःच कबूल केलं होतं, माझ्या गैरहजेरीत, तुझ्या स्पेलिंगमध्ये.

ती यादी मी पुसली. एकेक ओळ, बाणाने जाऊन, डिलीट. अजमतभाई म्हणाले, राहू दे, तुझ्या मामाला आणून दाखव. मला लाज वाटली. आपल्यानंतर बसणाऱ्या पोराने ‘के’ दाबलं तर, हेच डोक्यात होतं. तुझ्याविरुद्धचा एकुलता एक पुरावा मी माझ्या हाताने साफ केला आणि वर तुला कळूही दिलं नाही. म्हणून तर तू आज इतकी निर्धास्त लिहू शकलीस.

महिना झाला नाही तोच तुझे वडील रामकिसनकाका नारळ घेऊन कुंभार पिंपळगावला गेले. लग्नाला मी आले होते, आठवतं? आहेरात तुला हिरवं पातळ दिलं. अक्षता टाकल्या. तू मान वर केली नाहीस, बायका म्हणाल्या पोर किती मर्यादेची. मला तेव्हा वाटलं होतं की माझा राग सहा महिन्यांत ओसरेल. माझ्या रागाला मी फार हलकं समजले.

आईने मला औरंगाबादला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि ‘कोड नाही’ असं लिहून आणलं. बघायला येणाऱ्यांसमोर चहाच्या आधी तो कागद यायचा. एका बाईने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, “काई नसतं तर कागद कशाला सांभाळला असता?” त्यानंतर आईने तो कोणाला दाखवला नाही. बघायलाही कोणी आलं नाही. शेवटच्या आजारात ती मला जवळ बसवायची, लुगडं जरा सरकवायला लावायची आणि अंगठ्याने तो डाग घासत राहायची. मी म्हणायचे, आई, राहू दे, मला काही होत नाही. ती म्हणायची, “माझ्याच हातानं झालं.” ती हे म्हणतच गेली, बेबी. भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल तुझ्या माहेरी. मला तुझा तिरस्कार वाटतो तो माझ्या लग्नासाठी नाही. लग्न काय, झालं असतं तर आज संध्याकाळी चपला न काढता माझीच हिस्ट्री तपासली गेली असती. मला तिरस्कार वाटतो तो त्या अंगठ्यासाठी.

आता तुझा पहिला प्रश्न. माझा डाग कशाने गेला? तो गेलाच नाही. आहे तिथेच आहे. बिब्ब्याला औषध नसतं आणि लागतही नाही. तेव्हा तनुजासाठी तुला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. एक सुचवते. तूही सांग की बिब्बा उतला. सासूला सांग, जावांना सांग, धर्मराजरावांना सांग. पोट दुखत होतं म्हणून लावला म्हणावं. कोण कोण विश्वास ठेवतं ते मोज आणि मला कळव.

त्या डॉक्टरांनी आईला एक गोष्ट न विचारता सांगितली होती. म्हणाले, कोड असतं तरी काय झालं असतं, बाई? ते शिवून लागत नाही, कोणाच्या पापाने येत नाही, रंग जातो आणि माणूस आहे तसं राहतं. लहान मुलांवर तर लवकर इलाज सुरू केला की पुष्कळदा गुण येतो. मला या वाक्याचा काही उपयोग नव्हता. तुला आहे, घे. औरंगाबादला घाटीच्या सरकारी दवाखान्यात असे डॉक्टर बसतात. पोरीला झबल्यात लपवण्यापेक्षा तिथे ने. आज ने, कारण लपवायचं तसंही आता राहिलेलं नाही.

म्हणजे असं. ‘उत्तर अंगणवाडीच्या नंदाबाईच्या नावाने टाक, ती तिथे देईल, घरच्या पत्त्यावर बिलकुल नको, घरात आलेलं प्रत्येक पाकीट आधी तेच फोडतात,’ असं तू पत्राच्या शेवटी लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्यास. मी पाकिटावर श्री. धर्मराज असं लिहिलं आहे आणि खाली दुकानाचा पत्ता घातला आहे, ठळक अक्षरात, पोस्टमन चुकू नये म्हणून. हे तुझ्या हाती येईल तेव्हा त्यांचं वाचून झालेलं असेल. तुला कसं पुसायचं ते शिकवायला मी हे लिहिलेलं नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या माणसाने मला न विचारता वाचलेल्या तीन ओळींवर सोडलं, त्याला पूर्ण मजकूर वाचायला मिळावा म्हणून लिहिलं. तो आता तुझ्यासमोर उभा राहून विचारेल, हे खरं का. या वेळी सांगायला तुझ्याकडे माझं नाव नाही. तनुजाचं वाईट वाटतं. पत्ता लिहिताना हात थांबला होता, खोटं कशाला बोलू. पण उठून दुसरं पाकीट आणावं, एवढं नाही वाटलं.

तुझीच,
मालन